विमान मुलाचे, बॅटरी घराची

फोमच्या विमानाला मोटर बसवून ते रिमोटवर उडविण्याचा छंद मुलांना लागला, की पालकांसमोर लिथियम पॉलिमर बॅटरीचा खर्च उभा राहतो. दुकानदार तिला ‘लिपो’ म्हणतात. विमान आपटून मोडले तर गोंदाने जोडता येते. बॅटरी चुकीची घेतली किंवा चुकीची वापरली तर पैसे तर जातातच, प्रसंगी घरात आगही लागते. म्हणून तिच्यावरचे आकडे वाचता येईपर्यंत ती विकत घेऊ नका, असे आम्ही विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या अम्मी-अब्बांना सांगत असतो.

समजा, बॅटरीवर लिहिले आहे: ३एस, २२०० एमएएच, २५सी.

‘३एस’ म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन सेल. प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा, म्हणून बॅटरी ११.१ व्होल्टची, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्टची. हा आकडा आपण आवडीने निवडायचा नसतो, तो मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ईएससी ठरवतात. तोच पंखा ठेवून ३एसच्या जागी ४एस लावली, तर २० अँपिअर घेणारी मोटर ३५च्या आसपास घेऊ लागते आणि ३० अँपिअरचा ईएससी जळू शकतो.

‘२२०० एमएएच’ ही टाकी समजा. म्हणजे २.२ अँपिअर-तास. त्यातला ८० टक्केच भाग वापरायचा. मोटर सतत २० अँपिअर घेत राहिली तर सुमारे सव्वापाच मिनिटे मिळतात. वेग कमी ठेवला तर जास्त. मग मोठी टाकी का घेऊ नये? कारण तिचे वजन पंखांनाच पेलायचे असते. विमान जड झाले की ते हवेत राहण्यासाठी जास्त वेग लागतो, उतरतानाही ते वेगात येते आणि शिकाऊ हातांतून आपटते. शिवाय तोल बिघडतो. बहुतेक शिकाऊ विमानांचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर साधावा लागतो. विमानाच्या माहितीपत्रकात दिलेली जागा पाहा आणि बॅटरी ठेवून दोन बोटांवर विमान तोलून बघा.

‘२५सी’ ही प्रवाह देण्याची ताकद: २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर. लेबलवरचा हा आकडा अनेकदा फुगवलेला असतो, म्हणून गरजेच्या दुप्पट हिशेब धरावा. मोटरला २० अँपिअर लागत असतील तर ४० पुरेत. म्हणजे ही बॅटरी चालेल. शिकाऊ विमानाला ६०सीची महागडी बॅटरी नको.

आता घरातली गोष्ट. प्रत्येक सेल वेगळा तपासणारा बॅलन्स चार्जरच घ्या आणि त्यावर ‘लिपो’ व ‘३एस’ हीच निवड केली आहे ना, हे दरवेळी पाहा. २२००च्या बॅटरीला २.२ अँपिअरने चार्ज करा. तासाभरात ती भरते. बॅटरी फरशीवर ठेवा; गादी, पडदे, पुस्तके दूर. कोणीतरी मोठे माणूस जागे आणि जवळ असावे. रात्री लावून झोपणे नको. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर खराब होतो, म्हणून रिमोटवर वेळेची घंटी लावा. आठवडाभर उडवायचे नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून बॅटरी बाजूला ठेवा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आखातातून येणारे मामू किंवा चाचा बॅटरी आणणार असतील तर त्यांना आधीच कळवा: सुटी लिथियम बॅटरी मोठ्या सामानात टाकायची नसते, टोके झाकून हातातल्या बॅगेत ठेवायची असते. आपली ३एस २२०० सुमारे २४ वॅट-तासांची, म्हणजे सर्वसाधारण १०० वॅट-तासांच्या मर्यादेत बसते.

एका मोठ्या बॅटरीपेक्षा योग्य मापाच्या दोन घेतलेल्या बऱ्या. एक निवत असताना दुसरी उडते, विमान हलके राहते आणि एक बिघडली तरी मुलाचा छंद थांबत नाही.