थांब्याचे गाव : लारोश-मिझेनचा मागोवा

पॅरिसहून आग्नेयेस निघालेला लोहमार्ग प्रथम सेन नदीची आणि मोंतरोच्या संगमापासून योन नदीची सोबत धरतो, आणि सांस, विलनव्ह, ज्वान्यी ही जुनी, चर्चच्या मनोऱ्यांनी दुरूनच ओळखू येणारी नगरे एकामागून एक मागे टाकीत सुमारे १५५ किलोमीटरांवर लारोश-मिझेनच्या स्थानकात शिरतो. स्थानकाचा विस्तार पाहून उतरणारा प्रवासी विस्मित होतो, कारण एवढे रूळ, एवढे लांब फलाट आणि एवढे प्रशस्त यार्ड जिच्यासाठी असावे अशी कोणतीही राजधानी बाहेर नसते. असते ती जेमतेम सात हजार लोकवस्तीची एक नगरी, जिच्यात ना राजवाडा, ना मध्ययुगीन तटबंदी. प्रेक्षणीय स्थळांच्या शोधात निघालेल्याने येथे उतरण्याचे प्रयोजन नाही. परंतु एखादे गाव केवळ यंत्राच्या गरजेतून कसे जन्मते, यंत्राच्या भरभराटीबरोबर कसे वाढते आणि यंत्र पुढे निघून गेल्यावर कोणत्या आधारावर उभे राहते, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याला फ्रान्समध्ये यापेक्षा बोलके गाव क्वचितच सापडेल. प्रथम येथे उतरलो तेव्हा दोन गाड्यांमधील रिकामा वेळ घालवणे एवढाच माझा हेतू होता. त्यानंतर मात्र मी केवळ या गावासाठी येथे आलो.

या स्थळाचे महत्त्व लोहमार्गाच्याही आधीचे आहे, आणि ते पाण्याचे आहे. आर्मांसाँ नदी येथे योनला मिळते. मोर्व्हाँच्या डोंगरातील जंगले तोडून त्यांचे सरपण क्लामसीहून तराफ्यांच्या रूपाने योनच्या प्रवाहात सोडण्याची प्रथा सोळाव्या शतकापासून चालत आली होती, आणि पॅरिसच्या चुली कित्येक पिढ्या त्या लाकडावर पेटल्या. (मोंतरोच्या संगमावर योनचे पाणी सेनपेक्षा अधिक भरते, त्यामुळे पॅरिसमधून वाहणाऱ्या नदीला खरे पाहता योन म्हटले पाहिजे, असा दावा या खोऱ्यातील माणसे अभिमानाने करतात, आणि मला तो न्याय्य वाटतो.) पुढे योन आणि सोन या नद्यांना, पर्यायाने इंग्लिश खाडी आणि भूमध्य समुद्र यांना जोडणारा २४२ किलोमीटरांचा बर्गंडी कालवा १८३२ साली संपूर्ण खुला झाला, त्याचे योनकडील मुख मिझेनपाशीच आहे. म्हणजे आगगाडी येण्यापूर्वीच मालाची चढउतार आणि मुक्काम यांची या भूमीला सवय होती. एवढे असूनही मिझेन हे शेतकऱ्यांचे लहानसे खेडेच राहिले होते.

ते बदलले १८४९ साली. पॅरिस ते तोनेर हा मार्ग त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, १८५१ मध्ये तो दिजाँपर्यंत पोहोचला, १८५५ मध्ये लारोशहून ऑसेरकडे शाखा निघाली, आणि १८५७ साली पॅरिस-ल्यों-मेदितेराने ही बलाढ्य कंपनी स्थापन होऊन हा सारा मुलूख तिच्या अमलाखाली आला. पॅरिस ते दिजाँ हे अंतर ३१४ किलोमीटर, आणि लारोश जवळजवळ त्याच्या मध्यावर. वाफेच्या इंजिनाला त्या काळी एवढी मजल एका दमात मारणे परवडत नसे; त्याचे पाणी सरत असे, अग्निपेटीत राख व खंगर साचत असे, आणि इंजिनावरील दोन माणसांची शक्तीही संपत असे. त्यातच मार्गाचा स्वभाव येथे पालटतो. पॅरिसपासून लारोशपर्यंत नदीकाठची जवळजवळ सपाट वाट. लारोशनंतर आर्मांसाँच्या खोऱ्यातून वर चढत चढत ब्लेझीच्या चार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या बोगद्याकडे जाणारा चढ, जो शेवटी हजारास आठ इतका होतो. सपाटीवर वेगाने धावणारे इंजिन वेगळे आणि चढावर जड गाडी ओढणारे इंजिन वेगळे. सबब इंजिन बदलण्याचे ठिकाण लारोश ठरले. १९२५ पासून कंपनीने आठ चालक चाकांची जी प्रचंड इंजिने सेवेत आणली, ती मुख्यतः याच लारोश-दिजाँ टप्प्यासाठी होती.

या एका तांत्रिक निर्णयाने गावाचे सारे जीवन ठरवून टाकले. गाडी आली की दमलेले इंजिन सुटून लोको शेडकडे जाई आणि पेटवून सज्ज ठेवलेले दुसरे इंजिन गाडीला जोडले जाई. हे काम मिनिटांचे, पण त्या मिनिटांच्या मागे कोळसा भरणारे, राख काढणारे, बॉयलर धुणारे, फिटर, लोहार, सांधेवाले, दिवेवाले आणि हजेरीपत्रके लिहिणारे कारकून अशा मोठ्या मनुष्यसमुदायाचे अहोरात्र श्रम असत. फ्रान्समध्ये शक्यतो एक इंजिन एकाच ड्रायव्हर-फायरमनच्या जोडीकडे कायमचे सोपवीत. त्यामुळे इंजिनाचा प्रत्येक आवाज, त्याची प्रत्येक खोड त्या दोघांना अंतर्बाह्य ठाऊक असे. त्याची पितळी अंगे ते स्वतःच्या घरची भांडी घासावीत तशी घासून ठेवीत, आणि नेमून दिलेल्या प्रमाणापेक्षा कमी कोळसा जाळला तर कंपनी त्यांना बक्षिसी देई. लोखंडाशी माणसाचे असे नाते अन्य व्यवसायांत मी फारसे पाहिलेले नाही. १९०९ च्या कायद्याने रेल्वेच्या नोकरांना निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला आणि ड्रायव्हरांना वयाच्या पन्नाशीतच निवृत्त होण्याची मुभा मिळाली. इंजिनावरील उभ्या नोकरीने शरीराची किती झीज होते, याची ती सरकारदरबारी झालेली कबुलीच होती. अशा गावात दिवस आणि रात्र हा भेद उरत नाही. पाळीवरून परतलेला बाप भर दुपारी झोपला आहे म्हणून मुलांनी अंगणात आवाज करू नये, हा शिरस्ता जगातील प्रत्येक रेल्वेवस्तीत असतो, आणि आपल्या भुसावळ-इगतपुरीच्या वाचकांना तो निराळा सांगावयास नको.

मराठी माणसाला या स्थानकाविषयी आस्था वाटावी असे आणखी एक कारण आहे. मोंट सेनीचा बोगदा १८७१ साली खुला झाल्यावर हिंदुस्थानची विलायती टपाल कॅलेहून पॅरिसमार्गे इटलीतील ब्रिंदिसीकडे जाऊ लागली, ती याच मार्गाने. आणि मुंबई सोडल्यावर मार्सेल्सला बोट टाकून खुष्कीने लंडन गाठणारे आपले विद्यार्थी, बॅरिस्टर आणि राजकारणी पुरुष ल्यों-दिजाँ करीत पॅरिसकडे जात, तेव्हा त्यांच्या गाडीचे इंजिनही येथेच बदलत असे. त्यांच्यापैकी बहुतेक झोपेत असतील. ज्यांच्या श्रमांवर त्यांचा प्रवास निर्विघ्न झाला, ती माणसे मात्र फलाटाच्या पलीकडे जागी होती.

ही माणसे केवळ आज्ञाधारक नव्हती. १९२० च्या फेब्रुवारीत याच कंपनीच्या पॅरिसजवळील कारखान्यात संघटनेच्या सभेस गेलेल्या एका कामगारावर शिक्षेची कारवाई झाली आणि तेथून संप पसरला. मे महिन्यात पुन्हा देशव्यापी संप झाला, तो मोडला, आणि फ्रान्सभर हजारो रेल्वे कामगार बडतर्फ झाले. १९३८ च्या १ जानेवारीस सर्व कंपन्या विलीन होऊन राष्ट्रीय रेल्वे निर्माण झाली. जर्मन अमलाच्या वर्षांत फ्रेंच रेल्वे कामगारांनी केलेला प्रतिकार सर्वश्रुत आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

गावाच्या दैवाला खरी कलाटणी दिली ती शांततेच्या काळाने. पॅरिस-ल्यों मार्गाचे विद्युतीकरण हाती घेण्यात आले, आणि १९५० पर्यंत पॅरिस ते दिजाँ हा संपूर्ण टप्पा विजेखाली आला. विजेच्या इंजिनाला पाणी नको, कोळसा नको, राख काढणे नको; ते पॅरिसहून निघाले की लारोशला श्वास न घेता सरळ पुढे जाऊ शकते. देशाच्या दृष्टीने ही प्रगती निःसंशय होती: धूर गेला, वेळ वाचला, फायरमनच्या कष्टांचे ओझे उतरले. पण ज्या गरजेवर एक शतक हे गाव उभे होते, ती गरजच यामुळे नाहीशी झाली. या बदलाचे श्रेय अभियंत्यांना यथायोग्य मिळाले. माझी खंत एवढीच, की त्याची किंमत कोणत्या गावांनी दिली याचा हिशेब त्या श्रेयाच्या शेजारी कोणी मांडला नाही.

पुढचा आघात आणखी विलक्षण रीतीने आला. १९८१ च्या २६ फेब्रुवारीस याच जिल्ह्यात तोनेरच्या परिसरात, नव्या द्रुतगती मार्गावर, गाडीने ताशी ३८० किलोमीटरांचा विश्वविक्रम केला, आणि सप्टेंबरात त्या मार्गाचा सँ-फ्लोरांतँपासूनचा दक्षिणेकडील भाग वाहतुकीस खुला झाला. उत्तरेकडील भाग अद्याप अपुरा असल्याने पॅरिसहून निघालेल्या नव्या गाड्यांना जुन्याच रुळांवरून, लारोश-मिझेनमधूनच, यावे लागे. अशा रीतीने दोन वर्षे जगातील सर्वांत आधुनिक आगगाड्या या स्थानकातून गेल्या. १९८३ च्या सप्टेंबरात उरलेला भागही पुरा झाला, पॅरिस-ल्यों प्रवास दोन तासांवर आला, आणि नवी वाट हे खोरे बाजूला ठेवून पठारावरून निघून गेली. ज्या थोर गाड्यांची नावे येथील मुले पाढ्यांसारखी पाठ करीत, त्या आता येथून धडाडत जातही नाहीत.

तरीही गाव मोडले नाही, आणि याचाच मला विशेष आदर वाटतो. पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून सुटणाऱ्या प्रादेशिक गाड्या येथे थांबतात. ऑसेरची शाखा चालू आहे, आणि तिच्या पुढे क्लामसी व आव्हालाँकडे जाणारे प्रवासी याच स्थानकावरून जातात. कालव्यात मालाच्या पडावांऐवजी सहलीच्या नौका दिसतात. त्यांतून आलेले पाहुणे किनाऱ्यावर न्याहारी करून पुढच्या जलद्वाराकडे निघतात. आसपासचे अनेकजण अजूनही पॅरिसकडे कामाला जातात, आणि सकाळच्या गाडीच्या वेळी स्थानकाबाहेरील कॉफीगृहात उभे राहण्यास जागा नसते.