विवाल्दीची गारपीट

तुम्ही विवाल्दी ऐकलाय. नाव माहीत नसेल, पण ऐकलाय. कस्टमर केअरला फोन लावून ताटकळत बसलं की कानात जे गोड व्हायोलिन वाजत राहतं, लग्नाच्या व्हिडिओत कॅमेरा हॉलच्या सजावटीवरून फिरताना मागे जे लावलेलं असतं, त्यात कधी ना कधी त्याचा ‘स्प्रिंग’ येऊन गेलेला असतो. (टायटन घड्याळाची धून मात्र त्याची नाही, ती मोझार्टची. या वादात आमच्या वर्गाचा एक अख्खा लेक्चर गेला होता, म्हणून आधीच सांगून टाकते.)

आंतोनिओ विवाल्दी. जन्म 4 मार्च 1678, गाव व्हेनिस. वडील आधी न्हावी होते, मग व्हायोलिनवादक झाले. मुलगा 1703 मध्ये पाद्री झाला. केस लालभडक, म्हणून लोकांनी नाव पाडलं ‘लाल पाद्री’. पण छातीच्या दुखण्याचं कारण सांगून त्याने प्रार्थना चालवणं लवकरच सोडलं आणि उरलेलं आयुष्य संगीतात घातलं. सुमारे पाचशे कॉन्चेर्तो लिहिले.

आता हे कॉन्चेर्तो म्हणजे काय? आपल्याकडचं भजन डोळ्यासमोर आणा. बुवा एक चरण म्हणतात, मग सगळे टाळकरी मिळून ध्रुपद उचलतात. बुवा पुढच्या चरणात हरकती घेतात, परत ध्रुपद. विवाल्दीचंही बरंचसं असंच चालतं. एक व्हायोलिन म्हणजे बुवा, बाकीचा वाद्यवृंद म्हणजे टाळकरी. मध्ये बुवा कुठेही भटकून आले तरी ध्रुपद परत येतं. एवढं कळलं की त्याचं निम्मं संगीत कळलं.

चार ऋतू, चाळीस मिनिटं

त्याचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ‘द फोर सीझन्स’. 1725 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलेले चार कॉन्चेर्तो, एकेका ऋतूचा एक. प्रत्येकाचे तीन भाग : वेगात, संथ, परत वेगात. सगळं मिळून साधारण चाळीस मिनिटं. प्रत्येक ऋतूसोबत एक कविताही छापलेली आहे आणि कवितेतली कुठली ओळ संगीतात कुठे येते ते स्वरलिपीत लिहून ठेवलंय. कविता कोणाच्या हे छापलेलं नाही, बहुधा त्याच्याच असाव्यात. इथे पक्षी, इथे झरा, इथे राखणीचं कुत्रं भुंकतंय. ‘स्प्रिंग’च्या दुसऱ्या भागात गुराखी झोपलाय आणि व्हायोला हे वाद्य दोन-दोन सुरांत भुंकत राहतं. एकदा कळल्यावर ते कुत्रं ऐकू आल्याशिवाय राहत नाही.

पण ‘स्प्रिंग’ फार वाजून वाजून गुळगुळीत झालाय. माझं ऐकाल तर सुरुवात ‘समर’पासून करा. परभणीच्या पोरांना तो जास्त कळेल, असं माझं ठाम मत आहे.

कारण त्याचा उन्हाळा सुट्टीचा, आंब्याचा, समुद्रकिनाऱ्याचा नाहीच. ऊन इतकं की माणूस आणि जनावर दोन्ही गळून गेलेत. सुरुवातीचे सूर दोन पावलं टाकतात आणि थांबतात, परत दोन पावलं, परत थांबतात. मे महिन्यात दुपारी बारानंतर आपल्या बस स्टँडवरचं कुत्रं सावली सरकली तरी उठत नाही, तसं. मग कोकिळेच्या जातीचा एक पक्षी ओरडतो, झुळूक येते, बरं वाटतं. आणि एकदम उत्तरेचा वारा झुळकेवर तुटून पडतो. वादळ अजून आलेलं नाही, पण मेंढपाळ रडतोय. काय होणार ते त्याला माहीत आहे.

दुसरा भाग छोटासा. थकलेल्या मेंढपाळाला झोपायचंय, पण माशा-चिलटं झोपू देत नाहीत आणि मधूनच लांबून गडगडतं. एक व्हायोलिन हळू रडतं, मग सगळी वाद्यं धडाडतात, परत एकटं व्हायोलिन.

तिसरा भाग जेमतेम तीन मिनिटांचा. सगळी व्हायोलिनं एकेक सूर इतक्या वेगात घासतात की कुठल्या बाजूने काय येतंय ते कळत नाही. कवितेत इथे स्पष्टच म्हटलंय की त्याची भीती खरी ठरली. आभाळ गरजतंय आणि गारा उभ्या पिकाची कणसं मोडून टाकतायत.

गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती आपल्या वयाच्या बहुतेकांना शाळेतली आठवण म्हणून लख्ख आठवते. ज्वारी दाण्यात आलेली, गहू ओंबीवर, हरभरा काढणीला. आमची त्या वेळची गंमत म्हणजे गारा वेचून ग्लासात भरायच्या. घरात मोठी माणसं का गप्प झालीत ते नंतर कळलं.

पाथरी तालुक्यातल्या एका वर्गमित्राला मी हा तिसरा भाग इअरफोनवर ऐकवला. काहीच सांगितलं नव्हतं, नावसुद्धा नाही. तो अर्ध्यातच म्हणाला, ‘‘वारं सुटलं की आमची माय वाळवण काढायला पळायची ना, तसं वाजूलालंय हे.’’ मग मी गारांचं सांगितलं. त्याने परत पहिल्यापासून लावलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘‘पंचनाम्याचं वाजवलंय का कुठं?’’

नाही वाजवलेलं. कणसं पडली तिथेच विवाल्दीचा उन्हाळा संपतो. पुढचं पान उघडलं की ‘ऑटम’मध्ये सुगीचा नाच, दारू आणि शिकार. गारांत बुडालेल्या त्या मेंढपाळाचं काय झालं, कळत नाही. मला हे खटकतं. पण तीनशे वर्षांपूर्वी कालव्यांच्या शहरात बसलेल्या माणसाला वादळातलं चमकणं-गडगडणं सोडून पडलेली कणसंही लिहाविशी वाटली, हेही लक्षात राहतं. 2019 च्या ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ या फ्रेंच सिनेमाच्या शेवटी हाच भाग वाजतो. कॅमेरा फक्त ऐकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर थांबतो. सिनेमा बघणार असाल तर यापेक्षा जास्त सांगत नाही.

‘विंटर’ही सोडू नका. थंडीच्या बातमीत कृषी विद्यापीठाच्या केंद्रावरचा आकडा आणि परभणीचं नाव ठरलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीची थरथर आणि दात वाजणं आपल्याला समजावून सांगायला नको. मधला संथ भाग दोन मिनिटांचा आहे : आत शेकोटी, बाहेर पाऊस. पावसाचे थेंब म्हणजे बोटांनी छेडलेल्या तारा. शेवटी बर्फावरून जपून चालणं आणि घसरून पडणं. बर्फ आपल्याकडे नाही, पण जुलैत काळ्या रानातून चालून बघितलेल्याला ते चालणं ओळखीचं वाटेल.

जगात जर्मनी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ आपण छाती फुगवून म्हणतो. त्या जर्मनीचा सगळ्यात मोठा संगीतकार योहान सेबास्टियन बाख. आणि तो तरुणपणी विवाल्दीच्या वह्या गिरवत होता! 1711 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमलाच छापलेला विवाल्दीचा ‘लेस्त्रो आर्मोनिको’ हा बारा कॉन्चेर्तोंचा संच बाखच्या हाती लागला. त्यातले अनेक त्याने की-बोर्डसाठी उतरवून घेतले. चार व्हायोलिनचा बी मायनर कॉन्चेर्तो पुढे त्याने चार हार्प्सिकॉर्डसाठी लिहिला. दोन्ही लागोपाठ ऐका, फार मजा येते.

विवाल्दीची हे वाजवणारी मंडळी कोण होती, ते जास्त भारी आहे. 1703 पासून तो व्हेनिसच्या ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’त शिकवायचा. हा अनाथाश्रम. नको असलेली बाळं तिथे सोडली जायची. मुलं मोठी झाली की कामधंद्याला बाहेर, मुली आत. त्यांतल्या गुणी मुलींना संगीत शिकवलं जाई. त्या जाळीआडून वाजवायच्या आणि युरोपभरचे पाहुणे ऐकायला यायचे. आडनाव नाही, म्हणून वाद्यच आडनाव : ‘आन्ना मारिया दाल व्हायोलिन’. तिच्यासाठी विवाल्दीने अनेक कॉन्चेर्तो लिहिले. ते अवघड आहेत. म्हणजे ती काय दर्जाचं वाजवत असेल, याचा अंदाज बांधा.

दोन बाप आणि 97 खंड

28 जुलै 1741 ला विवाल्दी व्हिएन्नात गरिबीत गेला आणि लोक त्याला विसरले. थोडंथोडकं नाही, जवळपास दोनशे वर्षं. 1926 मध्ये इटलीतल्या एका मठाला दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्यांनी जुनी बाडं विकायला काढली. किंमत ठरवायला तूरिन विद्यापीठाचे संगीत अभ्यासक आल्बेर्तो जेंतिली यांना बोलावलं. 97 खंडांत विवाल्दीची हस्तलिखितं निघाली. ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ नावाच्या शेअर दलालाचं बाळ, माउरो, नुकतंच गेलं होतं. त्याच्या नावाने फोआंनी सगळे खंड विकत घेऊन ग्रंथालयाला दिले. पण हे अर्धंच होतं. बाकीचं जेनोव्हाच्या एका उमराव घराण्यात सापडलं. ते 1930 मध्ये फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदाराने घेतलं, तेही आपल्या गेलेल्या मुलाच्या, रेन्झोच्या, नावाने. आजही तूरिनच्या ग्रंथालयात हा ठेवा माउरो फोआ आणि रेन्झो जोर्दानो या नावांनीच आहे. जेंतिली ज्यू होते. 1938 च्या वंशवादी कायद्यांनी त्यांना बाजूला केलं आणि 1939 मध्ये सिएना शहरात विवाल्दी सप्ताह झाला तो त्यांच्याशिवाय.

त्या सप्ताहात वाजलेलं ‘ग्लोरिया’ आज ‘फोर सीझन्स’नंतर त्याचं सगळ्यात लोकप्रिय काम आहे. अर्ध्या तासाचं, गाणाऱ्यांचा मोठा ताफा आणि पहिल्या दोन मिनिटांतच अंगावर येणारे ट्रम्पेट. प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबईच्या एनसीपीएत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, म्हणजे परभणीहून रेल्वेची एक रात्र. तोवर यूट्यूबवर फुकट आहे. मोबाइलचा स्पीकर नको, कुणाचे तरी बरे इअरफोन मागून घ्या.