गटारीसाठी चुकवलेलं इंजेक्शन
वजनाचं औषध : भाग ७

"डॉक्टर, या रविवारचं इंजेक्शन घेतलं नाही. गटारीला मित्र जमणार आहेत, उगाच त्रास नको." पंचेचाळिशीतले एक गृहस्थ परवा मला हे सांगत होते, तेही आपण चांगली काळजी घेतली अशा समजुतीने. महिन्याभरात असं सांगणारे ते चौथे. म्हणून स्नायूंचा कबूल केलेला विषय आठवडाभर पुढे ढकलतो आणि आज दारूबद्दल लिहितो.

इंजेक्शन चुकवून काहीही साधत नाही. सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्ही किंवा ओझेम्पिक, अंगात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. मौंजारोमधल्या टिर्झेपेटाइडला पाच दिवस लागतात. आठवड्यातून एकदा टोचून भागतं ते याचमुळे. सेमाग्लुटाइड तर शेवटच्या डोसनंतर पाचेक आठवडे रक्तात रेंगाळतं. रविवार चुकवला तरी अमावास्येच्या रात्री औषध तिथेच असतं, फक्त उपचारात खंड पडतो. असे लागोपाठ दोन-तीन डोस चुकले, तर कधी पुन्हा खालच्या डोसपासून सुरुवात करावी लागते आणि सुरुवातीची मळमळ नव्याने सोसावी लागते.

ती मळमळ थोडीथोडकी नसते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या स्टेप-1 चाचणीत 1961 माणसं होती. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्क्यांनी उतरलं. त्यांच्यापैकी सुमारे 44 टक्क्यांना मळमळ झाली आणि जवळपास 25 टक्क्यांना उलट्या. डोस वाढवल्यावर पहिले काही आठवडे हा त्रास जास्त असतो. औषधामुळे जठर सावकाश रिकामं होतं. त्यात दारू आणि वर तळलेला चखणा पडला, की रात्रभर पोटात दगड ठेवल्यासारखं वाटतं.

जठर सावकाश रिकामं होण्याचा आणखी एक परिणाम आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी वीस जणांवर केलेला एक छोटा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. ही औषधं घेणाऱ्यांच्या श्वासातलं दारूचं प्रमाण इतरांपेक्षा हळू वाढलं. ऐकायला बरं वाटतं, पण बैठकीत काय होतं ते पाहा. "आज चढतच नाहीये" म्हणत माणूस तिसरा पेग भरतो, तोवर पहिल्या दोघांचा हिशेब बाकीच असतो. शिवाय बारा-पंधरा किलो उतरलेल्या शरीराला जुना आकडा झेपत नाही.

माझी खरी भीती वेगळीच आहे. मधुमेहाचे अनेक रुग्ण या इंजेक्शनसोबत ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतात. असेच एक जण तीन पेग घेऊन बाराला झोपले. भूक नव्हती म्हणून जेवणात दोन घास. तीनच्या सुमारास पत्नीला जाग आली. त्यांचा बनियन घामाने चिंब, बोलणं अडखळत, नजर स्थिर नाही. घरातलं कुणीतरी म्हणालं, "जास्त झालीय, झोपू दे." त्या बाईंनी ऐकलं नाही, घरच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचलं. साखर 48. पोटात अन्न नसताना रात्री यकृत रक्तात साखर सोडून माणसाला सांभाळतं. दारूमुळे यकृताचं हे साखर तयार करायचं काम मंदावतं, आणि गोळी तर साखर खाली ओढतच असते. घाम, बरळणं, झोकांड्या ही साखर उतरल्याची लक्षणं हुबेहूब दारू चढल्यासारखी दिसतात. घरच्यांनी हे पाठ करून ठेवावं. माणूस शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

दुसरी भीती स्वादुपिंडाची. त्याला सूज येण्याची दोन मोठी कारणं म्हणजे पित्ताचे खडे आणि दारू. वजन झपाट्याने उतरलं की खडे होण्याची शक्यता वाढते. या औषधांच्या माहितीपत्रकातही स्वादुपिंडाच्या सुजेचा इशारा असतो. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येऊन ती पाठीत जात असेल, तर अ‍ॅसिडिटीची गोळी खाऊन सकाळची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा. पुढचं इंजेक्शनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मग घ्यायची की नाही? माझं मत स्पष्ट आहे. डोस वाढवल्यानंतरचा महिनाभर अजिबात नको. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर कधीच नको. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाकीच्यांनी न घेतलेलीच बरी. घ्यायचीच असेल तर जेवणासोबत, तीस मिलीचा एखादा पेग, बरोबर भरपूर पाणी. आणि एका क्वार्टरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी असतात, हे लक्षात असू द्या. अडीच-तीन भाकऱ्यांची ऊर्जा झाली, पण तिच्यात प्रथिनांचा कणही नाही.

दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात कालवून घोट-घोट घ्या. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी सात-आठ तास झाली नसेल, तर मूत्रपिंडावर ताण येतो आहे. सलाईन लागेल.

काहींना या औषधावर दारूची ओढच कमी झाल्याचं जाणवतं. दारूच्या आहारी गेलेल्या 48 जणांवरच्या, 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सेमाग्लुटाइडने ओढ आणि पिण्याचं प्रमाण दोन्ही घटलं. पण दारू सोडवायचं औषध म्हणून त्याला अजून मान्यता नाही. रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर हातापायांना कंप सुटू शकतो, झटके येऊ शकतात. हे पाऊल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उचलावं.

एक विनंती. "घेता का?" असं विचारलं की बहुतेक जण "कधीतरी" म्हणतात. त्या शब्दावरून मला डोस ठरवता येत नाही. पुढच्या तपासणीला येताना आठवड्याचे पेग मोजून कागदावर लिहून आणा. आकडा कितीही असो, मी रागावणार नाही.

पुढच्या रविवारी : स्नायू आणि प्रथिनं.