स्क्रीन दाखवणं वेगळं, ताबा देणं वेगळं!

राधानगरीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर. दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर अडलं किंवा सेवा केंद्रातला प्रिंटर चालेना, तर तंत्रज्ञ येईपर्यंत दिवस मोडतो. पावसाळ्यात रस्त्याचाही भरवसा नसतो. म्हणून हल्ली फोनवर सर्रास सांगितलं जातं, 'एनीडेस्क चालू करा आणि नंबर सांगा.' काम पाच मिनिटांत होतं. पण बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करणारा भामटाही नेमकं हेच सांगतो. मग काळजी कुठे घ्यायची?

हे चालतं कसं?

तुमच्या संगणकावरचं ॲप स्क्रीनचं चित्र इंटरनेटवरून समोरच्याकडे पाठवत राहतं. दर वेळी अख्खी स्क्रीन जात नाही, साधारणपणे बदललेला भागच जातो. त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही काम भागतं. उलट दिशेने समोरच्याच्या माउसच्या हालचाली आणि त्याने दाबलेली बटणं तुमच्याकडे येतात. तुमच्या संगणकाला ती तुम्हीच दाबल्यासारखी वाटतात.

परवानग्या दोन

पहिली परवानगी फक्त पाहण्याची, दुसरी ताबा घेण्याची. विंडोजमधल्या 'क्विक असिस्ट'मध्ये या दोन्हींसाठी वेगवेगळी संमती द्यावी लागते. अँड्रॉइड मोबाइलवर ताबा देण्यासाठी बहुतेक ॲप 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ही परवानगी मिळालेलं ॲप तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं.

नुसतं पाहू देणंही निरुपद्रवी नाही. अनेक बँकांची ॲप स्क्रीन शेअर होत असताना काळी दिसतात, पण त्याच वेळी आलेला ओटीपीचा मेसेज समोरच्याला दिसू शकतो.

रिझर्व्ह बँक काय सांगते?

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. दोष ॲपचा नाही. ग्राहकाला ते डाउनलोड करायला लावायचं, नंबर विचारायचा, परवानग्या मिळवायच्या आणि खातं रिकामं करायचं, ही त्यामागची पद्धत.

नुकसान कोणाचं, हेही माहीत हवं. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेल्या नियमानुसार, पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला देण्यासारख्या ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी येतं. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं.

मदत घेताना एवढं करा

- फोन तुम्ही लावा, तोही ओळखीच्या तंत्रज्ञाला. 'बँकेतून बोलतोय' म्हणून आलेल्या फोनवर कोणतंही ॲप घेऊ नका.
- आधी फक्त पाहण्याची परवानगी द्या. गरज पडली तरच ताबा द्या.
- सुरू करण्यापूर्वी बँकेची पानं, ईमेल आणि खासगी कागदपत्रं बंद करा.
- काम संपेपर्यंत स्क्रीनसमोरून उठू नका. या वेळात कोणताही व्यवहार करू नका.
- तुम्ही समोर नसतानाही जोडणी करता येईल असा कायमचा पासवर्ड ठेवू नका.
- काम झालं की जोडणी तोडा. ॲप रोज लागत नसेल तर काढून टाका.

घात झालाच तर?

आधी इंटरनेट बंद करा. लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार करता येते. पासवर्ड आणि पिन बदला, पण त्याच मोबाइल किंवा संगणकावरून नको.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. या फसवणुकीत मात्र भामट्यासाठी दार आपणच आतून उघडतो. म्हणून 'अलाउ'वर बोट ठेवण्याआधी पलीकडे कोण आहे, याची खात्री करून घ्या.