गवताशी वैर नको

रपेटीवरचा घोडा वाटेच्या कडेच्या हिरव्या पट्ट्याजवळ येतो आणि एकाएकी मान खाली घालतो. लगाम हातातून निसटतो, स्वार पुढे ओढला जातो आणि खाली कचाकच घास तुटू लागतात. यावर चालत आलेला उपाय म्हणजे लगामाला हिसका, नाहीतर पोटाला टाच. पण घोड्याला हट्टी ठरवण्याआधी त्याचं पोट समजून घ्यायला हवं.

मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे साधारण १६ तास चरतो. एवढ्या थोरल्या जनावराचं जठर मात्र लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल रात्रंदिवस स्रवत असतं, मग पोटात चारा असो वा नसो. ते सौम्य करणारी लाळ सुटते ती चावताना. तोंड तासन्‌तास रिकामं राहिलं, तर जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. म्हणजे गवत दिसताच मान खाली जाणं ही खोडी नाही; गवताळ मैदानांवर घडलेल्या शरीराची ती मागणी आहे.

ही मागणी चिवट सवय कशी होते, याचं उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या संशोधनात मिळतं. एखाद्या कृतीचं फळ दर वेळी मिळत असेल आणि मग अचानक बंद झालं, तर ती कृती लवकर विरते. फळ अधूनमधून, बेभरवशाने मिळत असेल, तर ती दीर्घकाळ टिकते. स्वार चार वेळा मान खेचून वर आणतो आणि पाचव्या वेळी दमून सोडून देतो. कधीतरी लागणाऱ्या मटक्याच्या आकड्यासारखा तो एक घास घोड्याला पुन्हा पुन्हा ओढ घ्यायला लावतो. हिसके वाढतात, ओढही वाढते.

मग बक्षीस देऊन शिकवलं की काम झालं? तितकं सोपं नाही. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मारियन ब्रेलंड या दांपत्याने बक्षिसाच्या जोरावर हजारो प्राणी शिकवले. तरीही १९६१ साली त्यांनी एक प्रामाणिक शोधनिबंध लिहिला. लाकडी नाणं उचलून गल्ल्यात टाकायला शिकलेली डुकरं काही आठवड्यांनी ते नाणं वाटेतच टाकून मुसकटाने उकरत बसत, जसं ती जमिनीतलं खाणं उकरतात. अन्नाचा संबंध आला की उपजत वृत्ती शिकवणीवर मात करते. गवताशी घोड्याचं नातं तर याहून थेट आहे. म्हणून ‘खाऊ नकोस’ हे शिकवण्यात अर्थ नाही. ‘मान वर ठेव, त्यात तुझा फायदा आहे’ हे मात्र शिकवता येतं. मान एकाच वेळी वर आणि खाली असू शकत नाही.

सकारात्मक प्रबलनाने, म्हणजे हवी ती कृती घडताच बक्षीस देऊन, शिकवणारे प्रशिक्षक सुरुवात करतात ती घोड्याला वाळकी वैरण पोटभर घालून. भुकेल्या जनावराची परीक्षा पाहायची नसते. पहिले धडे गवत नसलेल्या जागी. दोरी सैल, मान छातीच्या उंचीला. त्याच क्षणी क्लिकर या हातातल्या छोट्या डबीचा ‘टिक्’ आणि लगेच छोटा घास. तो आवाज घोड्याला नेमकं सांगतो, की हे तू आत्ता केलंस ते बरोबर. घास हात लांब करून द्यायचा, म्हणजे घोडा खिसे हुंगत बसत नाही. हे पक्कं झालं की विरळ, सुकलेल्या गवतापासून काही पावलं दूर उभं राहायचं. आधी दर दोन-तीन सेकंदांनी बक्षीस, मग हळूहळू उशिराने. मान खाली गेली, तर आपण घाई केली असं समजून मागे सरकायचं. हिसका द्यायचा नाही, पण तोंड गवताला पोचेल इतकी दोरीही सोडायची नाही. चोरून मिळालेला प्रत्येक घास जुन्या सवयीचं बक्षीस ठरतो.

खरी किमया पुढची आहे. १९५९ साली डेव्हिड प्रीमॅक यांनी मांडलं, की प्राण्याला जी कृती अधिक आवडते, तीच कमी आवडत्या कृतीचं बक्षीस होऊ शकते. म्हणजे ज्या गवताशी आपण झगडत होतो, तेच मजुरी म्हणून देता येतं. काही पावलं मान वर ठेवून चाललास? मग ठरलेली खूण, आणि चर! थोड्या वेळाने पुन्हा मान वर बोलवायची, शाबासकी द्यायची आणि बहुतेक वेळा परत चरायला सोडायचं. मान वर केली की चरणं कायमचं संपतं, असा अनुभव आला तर कोणताही घोडा मान वर करायला कुरकुरेल. ती वर केल्यावर पुन्हा गवत मिळतं हे कळलं, की तो स्वतःहून आपल्याकडे पाहू लागतो.

याचा लाभ गवतापुरता नाही. फ्रान्समधील रेन येथील कॅरोल सँकी, मार्टिन हाउसबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बक्षीस मिळालेले घोडे आज्ञेवर स्थिर उभं राहायला लवकर शिकले. ते माणसाजवळ अधिक येऊ लागले आणि ही ओढ काही महिन्यांनंतरही टिकली.

माथेरानच्या वाटांवर घोड्यावर पोट असलेल्या कुटुंबांना आणि सारंगखेड्याच्या यात्रेतून नवं शिंगरू घरी नेणाऱ्या हौशी मालकांना ही पद्धत परवडणारी आहे. क्लिकर नसला तरी एखादा ठाम, आखूड शब्द चालतो. फक्त घोड्याला हाकण्यासाठी वापरली जाणारी जिभेची चकचक नको. ती त्याला ‘चल’ असंच सांगेल. मूठभर हरभरे आणि पुष्कळ धीर एवढंच भांडवल लागतं. भुकेला शत्रू मानणारा माणूस घोड्याशी रोज झुंजत राहतो. तिच्याशी करार करणाऱ्याला सोबती मिळतो.