सात ग्रॅमची वटवट

मृगाचा पाऊस पडला की अमरावतीच्या वडाळी तलावाकाठी किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारात धुऱ्यावरच्या झुडपांकडे बघा. शेपटी उभारून, अंग घुसळत, अखंड बोलणारा एक बोटभर पक्षी दिसेल. तो वटवट्या. वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम! पऱ्हाटीच्या पानाखालच्या अळ्या, किडे, कोळी हेच त्याचं खाणं.

वटवट्यांचे प्रकार अनेक, आणि ते ओळखताना भल्याभल्यांची दमछाक होते. मी आधी भुवई बघतो. डोकं राखाडी, भुवई नाही, डोळा तांबूस-नारिंगी, पोट बदामी, तर तो राखी वटवट्या. अंग मातकट आणि डोळ्यावर फिकट भुवई असेल तर साधा. मात्र हा साधा पक्षी हिवाळ्यात पिसं बदलतो, रंगाने तांबूसतो आणि त्याची शेपटी चक्क लांब होते. एकाच धुऱ्यावर जूनमध्ये आणि जानेवारीत दोन वेगळे पक्षी पाहिल्यासारखं वाटतं. खडकाळ, काटेरी माळावर दणकट चोचीचा, मोठ्या आवाजाचा दिसला तर रान वटवट्या.

राखी आणि साधा या दोघांनाही शास्त्रीय नाव दिलं कर्नल साइक्स यांनी, 1832 मध्ये, आपल्याच दख्खनमधल्या पक्ष्यांवरून. पुढे पावणेदोनशे वर्षांनी डीएनएने वटवट्यांच्या कुळाची मांडणीच बदलली. त्यांचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात निघाले, आणि आपला शिंपी पक्षीही त्याच घरातला.

राखी वटवट्याला दचकवलं तर उडताना टकटक असा कोरडा आवाज येतो, ठिणग्या उडाव्यात तसा. तो पंखांचा की चोचीचा, यावर पक्षितज्ज्ञ वाद घालत आले आहेत.

पण खरं नवल या राखीच्या घरट्यात आहे. नर-मादी मिळून रुंद पानं कोळ्याच्या जाळ्याने नि तंतूंनी शिवतात, आत गवताचं मऊ अस्तर घालतात. त्यात तीन-चार अंडी, विटेसारखी लालबुंद आणि चकचकीत! साधारण बारा दिवसांत ती फुटतात. कधीकधी कोकिळेच्या कुळातली एखादी छोटी मादी तिथेच आपलं अंडं सरकवून जाते. मग हे सात-सात ग्रॅमचं जोडपं आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या परक्या पिल्लाच्या चोचीत दिवसभर अळ्या कोंबत राहतं.