बायसनचे पॅकेज: बाइटगणिक तेच बिल्ड

व्याकरणाची फाइल वाचून पार्सरचा सी कोड तयार करणारे बायसन हे साधन रॉबर्ट कॉर्बेट यांनी १९८५मध्ये लिहिले. चाकण-पिंपरीत बनणाऱ्या गाडीतल्या पडद्यामागे लिनक्स असेल, तर तेथेही बायसनचा हात असतो: २०१८च्या ४.१६ आवृत्तीपासून कर्नल बांधताना फ्लेक्स आणि बायसन चालवावे लागतात.

गाडी दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर असते. जुन्या सोर्सवरून बाइटगणिक तेच सॉफ्टवेअर पुन्हा बांधता आले, तर गाडीत नेमके काय आहे ते सिद्ध करता येते. हिंजवडीतल्या केपीआयटीसारख्या वाहन-सॉफ्टवेअर कंपन्यांच्या क्षेत्रात हा गुण अमोल आहे.

बायसनची अडचण छोटी, पण चिवट. तो तयार केलेल्या कोडमध्ये मूळ फाइलचा पत्ता ‘लाइन’ निर्देशांत लिहितो. हेडरच्या गार्डमध्येही पत्ता उतरतो. त्यामुळे फोल्डर बदलले की कोड बदलतो, आणि डीबग माहितीही. जोशुआ वॉट यांनी दिलेला ‘फाइल-प्रीफिक्स-मॅप’ हा पर्याय २०२०च्या ३.७ आवृत्तीत आला. तो पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलून टाकतो. फार सुंदर सोय!

पॅकेजमध्ये बायसनची आवृत्ती पक्की करावीच, सोबत एम४ या मॅक्रो-प्रोसेसरचीही, कारण बायसन चालताना एम४ वापरतो. बायसनचा स्वतःचा पार्सरही बायसननेच बनतो. अधिकृत टारबॉलमध्ये तो तयार मिळतो. शेवटी दोन वेगळ्या फोल्डरांत बिल्ड करून डिफोस्कोप या फरक दाखवणाऱ्या साधनाने तुलना करावी.